बारामतीचा किरण

परवा नातीने एक भेट आणली. फ्रीजला लावायचं लाकडी मॅग्नेट, आणि त्यावर हिच्या अक्षरात कोरलेलं, "दूध तापवून घ्या." ही जाऊन चार वर्षं झाली. जुन्या डायरीत सापडलेली चिठ्ठी नातीने स्कॅन केली आणि लेसरने कोरून घेतली. 'घ्या'चा काना नेहमीसारखा खाली लांबवलेला, तोसुद्धा तसाच!

मी इतिहासाचा मास्तर. वस्तू हातात आली की ती आली कुठून, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून वाचत गेलो.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत, माणकाच्या कांडीतून काढला. तेव्हा लोक गमतीने म्हणत, उत्तर सापडलंय, आता प्रश्न शोधा! पण लाकूड कोरायला सर्रास वापरतात तो किरण निराळा. तो कार्बन डायऑक्साइडचा. म्हणजे आपण उच्छ्वासातून सोडतो तोच वायू! १९६४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये कुमार पटेल यांनी हा लेसर शोधला. सोबत नायट्रोजन असला की विजेची ऊर्जा त्याचे रेणू घेतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात. त्याने किरणाला बळ येतं. तो डोळ्यांना दिसत नाही, पण लाकूड त्याला शोषून घेतं, आणि तेवढीच जागा जळून अक्षर उमटतं. चुंबक मागाहून चिकटवायचा. फार तापला तर त्याची शक्ती जाते, हे विल्यम गिल्बर्टने १६०० सालीच लिहून ठेवलंय.

आणि हे पटेल कुठले? जन्म १९३८ चा, बारामतीचा! १९५८ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढे स्टॅनफर्डला गेले.

वाचलं आणि गप्प बसलो. एडिसन, मार्कोनी यांच्या सनावळ्या मी मुलांकडून घोकून घेतल्या. चुकलं की उभंही केलं. बारामतीला एसटीने कितीदा गेलो असेन, पण हे नाव कधी फळ्यावर लिहिलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं, मग मुलांना कुठून सांगणार? इतिहास लांबचा असतो, अशी सवय मीच त्यांना लावली.

म्हणून आज इथे लिहून ठेवतोय. माझे जुने विद्यार्थी वाचत असतील, तर त्यांनी आपल्या मुलांना सांगावं. तेवढीच भरपाई.

असो. दूध तापवायची वेळ झाली.