ट्रान्झॅक्शन आणि स्टोअर्ड प्रोसिजर

डेटाबेसमधील अनेक बदल एकसंध मानून सगळे पूर्ण करणे किंवा एकही न करणे, याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. स्टोअर्ड प्रोसिजर हा डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने चालवता येणारा आज्ञासंच होय.

कर्जत-खालापुरातील जमिनीचा फेरफार हे ट्रान्झॅक्शनचे बोलके उदाहरण. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार गाव नमुना ६ मध्ये नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. समजा, ४० आरपैकी १० आर विकले. विकणाऱ्याचे क्षेत्र ३० झाले आणि खरेदीदाराचे नाव चढण्याआधीच वीज गेली, तर १० आर बेपत्ता होतील. दोन्ही बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्यास ‘रोलबॅक’ मूळ ४० आर परत आणतो. ‘कमिट’ झाल्यावरच बदल कायम होतो. नोटिशीची मुदत मात्र ट्रान्झॅक्शनबाहेर हवी. अन्यथा कुलूपबंद नोंदीसाठी इतरांची कामे अडतात.

असे ट्रान्झॅक्शन स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये लिहिता येते, पण तिथे कमिटचे नियम प्रणालीनुसार बदलतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आधीच सुरू असलेल्या ट्रान्झॅक्शनच्या आत चाललेल्या प्रोसिजरचे कमिट केवळ खुल्या ट्रान्झॅक्शनची मोजणी कमी करते, साधे रोलबॅक मात्र बाहेरचे कामही पुसते. पोस्टग्रेसमध्ये प्रोसिजरमधून कमिट करण्याची सोय ११ व्या आवृत्तीत (२०१८) आली.