सागाचा ‘मूळ’ रंग

नगरच्या जुन्या पेठांतला एखादा वाडा उतरवला, की भिंतींची माती ढिगाऱ्यात जाते. खांब, तुळया, महिरपी मात्र हातोहात विकल्या जातात. बाजारात त्यांच्यावर आधी फिरतो तो पॉलिश पेपर, कारण गिऱ्हाइकाला ‘लाकडाचा मूळ रंग’ हवा असतो. हा मूळ रंग कोणता, हे पाहू लागलो की वाट ब्रह्मदेशापर्यंत जाते.

इंग्रजांनी १८५२ मध्ये पेगू प्रांत घेतला आणि तिथला साग मुंबईच्या व्यापाराला खुला झाला. १८६३ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. ओंडके कमी दाखवल्याबद्दल थिबा राजाच्या दरबाराने तिला दंड ठोठावला; त्याच निमित्ताने १८८५ चे युद्ध झाले आणि राजा रत्नागिरीस कैदेत आला. थिबा पॅलेस पाहणाऱ्यांपैकी किती जणांना या सागाच्या भांडणाची आठवण असेल? इकडे १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्याने बंदरावरचा हा परदेशी माल नगरपर्यंत रुळांवरून येण्याची सोय झाली होती.

नुकता चिरलेला साग सोनेरी नसतो. तो हिरवट-पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा, काहीसा मळकट दिसतो. उजेड आणि हवा लागली की त्यातली द्रव्ये बदलतात आणि मधासारखा रंग चढतो. उन्हापावसात उघडा राहिला तर तोच साग राखाडी होतो. अंदमानच्या पडौकाचा लालभडक रंग उजेडाने तपकिरी होतो, तर शिसवीची जांभळट झाक उन्हात फिकी पडते. म्हणजे रंग टिकवायचा तर मुख्य काम ऊन अडवण्याचे. चपडीने चकाकी येते, पण प्रकाश फारसा अडत नाही. अतिनील किरण शोषणाऱ्या आजच्या वार्निशांनी बदल लांबतो, थांबत नाही. जवसाचे तेल तर स्वतःच पिवळे पडते. त्या मानाने आपल्या देशावरच्या करडईचे तेल कमी पिवळते.

वाड्यातल्या खांबाचा गडद रंग हा असा उजेड, तेल, चपडी आणि चुलीचा धूर यांनी मिळून केलेला आहे. घासून काढल्यावर दिसतो तो कच्च्या सागाचा रंग, आणि तोही काही वर्षांत पुन्हा बदलणारच. परत येत नाहीत त्या तासणीच्या खुणा आणि नक्षीच्या धारा. शिवाय खांबावर तसबीर टांगलेली होती तिथला फिकट चौकोनही जातो. माझ्या मते हे नुकसान रंगाच्या लोभापेक्षा घाईमुळे अधिक होते.

घासण्याआधी आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहावा. थर विरघळून चिकट झाला तर ती चपडी. ती बोळ्यानेच उतरते, पेपर लागत नाही. साबणाच्या ओल्या फडक्याला काळे लागले तर काजळी. दोन्हीने काही हलले नाही, तर तो रंग लाकडाचा स्वतःचा असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे हात थांबवावा.