चाकणच्या बाजारात जनावर घेताना-विकताना: दात, कास, बिल्ला आणि पावती

चाकण म्हटलं की आता गाड्यांचे कारखाने डोळ्यासमोर येतात. पण शनिवारी हे गाव अजूनही शेतकऱ्याचं असतं. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीच्या महात्मा फुले मार्केट यार्डात कांदा-बटाट्याबरोबर जनावरांचाही आठवडे बाजार भरतो. खेड, मावळ, आंबेगाव, शिरूरकडचे शेतकरी बैल, गायी, म्हशी, शेळ्या-मेंढ्या घेऊन येतात. जुन्नरकडे बेल्ह्याचा आणि नगर जिल्ह्यात काष्टीचा बाजारही असाच जुना आणि नावाजलेला.

बाजारातला सौदा पाच-दहा मिनिटांत उरकतो. फसगत झाली तर मात्र ती वर्षभर पुरते. म्हणून जनावर आधी नीट बघावं, आणि पैसे देताना कागद हातात घ्यावा.

सौदा कसा ठरतो

लिलाव म्हटलं तरी जनावरांच्या बाजारात बोली प्रत्येक वेळी मोठ्याने लागत नाही. रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवायची जुनी पद्धत आहे. व्यापारी-दलालांना ती पाठ असते, नवख्याला कळत नाही. अशा वेळी संकोच न करता आकडा तोंडाने बोलायला लावावा. दलालाचा वाटा किती आणि तो कोण देणार, हे इसार द्यायच्या आधीच ठरवावं. भाव करण्यापूर्वी तीन-चार दावणी फिरून त्या दिवसाचा अंदाज घ्यावा. विकणाऱ्यानेही पहिल्या गिऱ्हाइकाला लगेच होकार देऊ नये.

वय दातावर

दुधाचे दात असलेला तो आदत. साधारण दोन ते अडीच वर्षांत दोन दात येतात, पुढे चार, सहा, आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठ दात येऊन जनावर जुळतं. त्यानंतर दात झिजतात, वय नेमकं सांगता येत नाही. शिंगं साळून, तेल लावून म्हातारं जनावर तरणं दाखवता येतं. त्यामुळे शिंगांच्या चकाकीवर जाऊ नये, तोंड उघडून बघावं.

बैल घेताना

बैल मोकळा चालवून बघावा, मग जोडीने जुंपून बघावा. लंगडतो का, बसका आहे का, मारका किंवा बुजरा आहे का, खांद्याला जुनी जखम आहे का, हे तेव्हाच कळतं. भोवरे आणि गोम बघून भाव कमी-जास्त करायची रीत आहे, पण नांगर ओढायला पाय आणि खांदाच लागतो.

शर्यतीच्या बैलाचं गणित वेगळं. २०१४ पासून बंद असलेल्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदाही ग्राह्य धरला. तेव्हापासून घाटात पळणाऱ्या खिल्लार खोंडांना पुन्हा मागणी आली. शेतकामाला बैल हवा असेल त्याने शर्यतीचा भाव मोजू नये.

दुभतं जनावर घेताना

बाजारात आणायच्या आधी दोन-दोन वेळा धार न काढता दूध तुंबवलं जातं, त्यामुळे कास मोठी दिसते. जमलं तर विकणाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन संध्याकाळची आणि सकाळची, लागोपाठ दोन धारा समोर काढायला लावाव्यात. चारही सडांतून दूध येतं का बघावं. कासेत गाठ, गरमपणा किंवा दुधात गुठळ्या दिसल्या तर दगडी झालेली असू शकते.

हिशोब सोपा आहे. समजा बारा लिटर सांगितलेली गाय नऊच लिटर निघाली. लिटरला ३० रुपये धरले तर रोज ९० रुपये तोटा. दहा महिन्यांच्या वेतात तो २७ हजारांवर जातो. गाभण म्हणून सांगितलेलं जनावर डॉक्टरांकडून तपासूनच घ्यावं. भाकड निघालं तर चारा घरचा आणि दूध शून्य.

बिल्ला आणि कागद

१ जून २०२४ पासून राज्यात कानाला बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बिल्ल्यावर १२ अंकी नंबर असतो. तो पावतीवर लिहून घ्यावा आणि समोरच्या जनावराच्या कानाशी जुळवून बघावा. घरी आल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मालकाचं नाव ऑनलाइन नोंदीत बदलून घ्यावं. विमा काढायलाही हाच नंबर लागतो. विकणाऱ्यानेही नाव बदललं का याची खात्री करावी, नाहीतर जनावर दुसऱ्याकडे आणि नोंद आपल्या नावावर राहते.

राज्यात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. २०१५ पासून ती बैल आणि वळूलाही लागू झाली. त्यामुळे रस्त्यात गाडी अडवून विचारपूस होऊ शकते. बाजार समितीची पावती, बिल्ल्याचा नंबर आणि डॉक्टरांचा दाखला जवळ असला तर शेतीसाठी नेणाऱ्याला आपली बाजू सांगता येते. नियमाप्रमाणे साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त मोठी जनावरं भरता येत नाहीत. दाटीवाटीने नेलेलं जनावर वाटेतच जायबंदी होतं, तो तोटा वेगळाच.

घरी आणल्यावर

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यभरातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. एका आजारी जनावराने अख्खा गोठा बसतो, हे तेव्हा गावोगावी दिसलं. अंगावर गाठी, तोंडातून लाळ, खुरात जखम किंवा ताप असलेलं जनावर स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. नवं जनावर किमान तीन आठवडे वेगळं बांधावं, त्याचं चारा-पाणी आणि भांडी वेगळी ठेवावीत. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस झाली का ते विचारावं, नसेल तर डॉक्टरांना सांगून द्यावी. जनावर अचानक आजारी पडलं तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

निघताना एवढं बघा

दात पाहिले का, चालवून किंवा धार काढून बघितलं का, दलाली ठरली का, बिल्ल्याचा नंबर जुळला का, पावती खिशात आहे का. यातलं एकही राहिलं असेल तर पैसे मोजू नयेत. बाजार पुढच्या शनिवारीही भरतो.