छेदातल्या शून्याची कुळकथा

परिमेय फलनाचा प्रांत काढा म्हटलं की अकरावीतली मुलं अंशाकडे ढुंकूनही बघत नाहीत. छेद शून्याबरोबर मांडायचा, क्षच्या ज्या किमती येतील त्या वास्तव संख्यांतून वगळायच्या. दोन ओळींत काम फत्ते. या दोन ओळी ठरायला मात्र हजाराहून जास्त वर्षं गेली, कारण शून्याने भागून काहीतरी उत्तर आलंच पाहिजे, असं भल्याभल्यांना वाटत होतं.

ब्रह्मगुप्ताने 628 साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं सांगून टाकलं. इतर संख्या शून्याने भागली तर छेदात शून्य तसंच ठेवून तो पुढे गेला. इसवी सन 850च्या सुमारास महावीराचार्यांनी लिहिलं, शून्याने भागलं तरी संख्या आहे तशीच राहते. हे तर सपशेल चुकलं.

मग आला भास्कराचार्य. छेदात शून्य असलेल्या राशीला भास्कराचार्य ‘खहर’ म्हणतो आणि ती अनंत मानतो: तीत काही मिळवा नाहीतर वजा करा, फरक पडत नाही.

पण खरी गंमत त्याच्या ‘लीलावती’ या ग्रंथातल्या एका उदाहरणात आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिप्पट केली आणि शून्याने भागलं, तर 63 आले, संख्या कोणती? त्याचं उत्तर 14. चौदा अधिक सात एकवीस, त्याची तिप्पट त्रेसष्ट. गुणणारं शून्य त्याने लगेच वापरलंच नाही. पुढे भागायला शून्य येणार म्हणून राखून ठेवलं आणि शेवटी दोन्ही शून्यं एकमेकांत उडवली. आजच्या नियमाने हे चालणार नाही. तरी माझ्या मते वरच्या तिघांत प्रश्नाच्या मर्माला हात घातला तो यानेच.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. ऑयलरने 1748 साली फलन म्हणजे सूत्र असं मानून परिमेय फलनांचा वर्ग पाडला, आणि 1770च्या बीजगणितात दोन भागिले शून्य हे एक भागिले शून्याच्या दुप्पट, असंही लिहिलं. कोशीने 1821 साली छेदात क्ष असलेलं फलन शून्यापाशी तुटतं हे दाखवलं. डिरिक्लेने 1837 साली सूत्राचा आग्रहच सोडला: ठरलेल्या अंतरालातल्या प्रत्येक क्षला एक किंमत मिळाली की झालं. पुढे संचांची भाषा रुळली आणि प्रांत फलनाच्या व्याख्येतच जाऊन बसला. छेद शून्य करणाऱ्या किमतीला उत्तर शोधायचं कारणच उरलं नाही.

राखून ठेवलेलं ते शून्य परीक्षेत अजूनही भेटतं. (क्ष² − 9) ÷ (क्ष − 3) याला संक्षेप दिला की क्ष + 3 उरतं आणि छेद दिसेनासा होतो, पण प्रांतातून 3 वगळलेलाच असतो. तेव्हा आधी प्रांत लिहा, मगच काटाकाटी करा.