स्विचच्या हाकेची कुळकथा

भंडारा जिल्ह्यात पवनी किंवा लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत वीज जाते, बॅटरीही उतरते, तेव्हा भिंतीवरच्या पेटीतला भारतनेट या सरकारी इंटरनेट जाळ्याचा ओएनटी, म्हणजे फायबरच्या गावाकडच्या टोकाचे यंत्र, बंद पडण्याआधी एक काम उरकून घेतो. कपॅसिटरमध्ये उरलेल्या चिमूटभर विजेवर त्याला काही मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तो तालुक्याच्या एक्स्चेंजमधल्या ओएलटीला, म्हणजे फायबरच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राला, कळवतो, की माझी वीज गेली. या निरोपाला तंत्रज्ञ ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. जेसीबीने रस्त्याकडेची फायबर तोडली तर मात्र हा निरोप येऊच शकत नाही. ओएलटीला नुसता प्रकाश नाहीसा झालेला दिसतो. गावात इंटरनेट दोन्ही वेळा बंदच असते. पण एकदा महावितरणच्या लाइनमनला फोन लावायचा असतो, आणि एकदा फायबर सांधायचे स्प्लायसिंगचे यंत्र गाडीत टाकून निघायचे असते. ओएलटीच्या पडद्यावरचा हा फरक कुणाचा तरी अख्खा दिवस वाचवतो.

दूरच्या यंत्राचा बिघाड कळावा कसा, यावर दोन मते फार जुनी आहेत. एक म्हणते, आजारी पडेल त्याने ओरडावे. दुसरे म्हणते, धडधाकट असेल त्याने सतत ‘हू’ म्हणत राहावे. आवाज थांबला की समजायचे.

दुसऱ्या मताचा मूळपुरुष रेल्वेत सापडतो. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने आधी पहिल्या मताप्रमाणे सिग्नल बसवला होता: गाडी आली की सर्किट जुळायचे आणि इशारा मिळायचा. त्यात खोट अशी, की तार तुटली तर सिग्नल खुशाल ‘मार्ग मोकळा’ दाखवणार. म्हणून १८७२ मध्ये त्याने सगळे उलटे केले. रुळांतून थोडी वीज सतत वाहती ठेवली. तिच्या जोरावर रिले, म्हणजे चुंबकावर चालणारा खटका, उचललेला राहतो. गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले, रूळ मोडला, तार तुटली किंवा बॅटरी संपली, काहीही झाले तरी रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून हावडा-मुंबई मार्गाच्या गाड्या आज धावतात, त्यांच्या सुरक्षिततेमागेही हेच तत्त्व आहे. मला विचाराल तर दूरनिगराणीच्या साऱ्या इतिहासात याहून साधी आणि याहून थोर युक्ती नाही.

संगणकांच्या जाळ्यात हा वाद नव्याने उभा राहिला. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ लिहिला: हाक मारायची, ओ येते का पाहायचे. पण ओ आली तरी यंत्राच्या पोटात काय चालले आहे ते कळत नव्हते. इंटरनेटच्या तांत्रिक धुरिणांनी एप्रिल १९८८ मध्ये जाळ्याच्या देखरेखीसाठी धोरण जाहीर केले. धोरण असे, की एसएनएमपी हा सुटसुटीत प्रोटोकॉल तूर्त वापरावा, पुढे भारदस्त आंतरराष्ट्रीय मानक आले की तो बाजूला ठेवावा. ऑगस्टमध्ये तो प्रसिद्ध झाला. ते भारदस्त मानक इंटरनेटवर काही रुजले नाही, तात्पुरता मात्र कायम झाला. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांना यात नवल वाटू नये.

एसएनएमपीने दोन्ही मते पदरात घेतली. देखरेखीचा सर्व्हर दर काही मिनिटांनी जाळ्यातल्या स्विचला विचारतो: कोणते पोर्ट चालू, डेटाची किती पाकिटे गेली, किती खराब निघाली. शिवाय एखादे पोर्ट पडले तर स्विच न विचारता ‘ट्रॅप’ पाठवतो. पण पहिल्या आवृत्तीतल्या ट्रॅपला पोच नसे. वाटेत तो हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ता लागत नसे आणि घेणारा निवांत. पोचपावती मागणारा निरोप १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. तोवर जाणत्या प्रशासकांनी ट्रॅपवर विसंबणे सोडून विचारपूस चालूच ठेवली होती.

अलार्म नेमका कधी वाजवावा, हा प्रश्न जाळ्यातल्या रहदारीवर दुरून नजर ठेवणाऱ्या १९९१ च्या आरमॉन मानकाने सोडवला, आणि तो तोडगा भंडाऱ्यात कुणालाही चटकन कळेल. कारधा पुलाजवळ वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरतात. पाणी त्या रेषेभोवतीच खालीवर हेलकावत राहिले आणि दर वेळी भोंगा वाजला, तर दुसऱ्या दिवशी लोक कानांत बोळे घालून झोपतील. म्हणून आरमॉनमध्ये दोन रेषा असतात. वरची ओलांडली की एकदाच अलार्म. मग रहदारी खालच्या रेषेपर्यंत उतरल्याशिवाय पुन्हा नाही. ही दुसरी रेषा आखायचा कंटाळा केलेले जाळे ओळखायला सोपे असते: तिथल्या माणसांच्या मोबाइलवर अलार्मचे ईमेल न वाचता साठलेले असतात.

वीज गेलेल्या यंत्राला ट्रॅप पाठवायला सवडच नसते, ही उणीव मात्र उरली होती. ती भरून काढण्यासाठी इथरनेटच्या २००४ च्या ८०२.३एएच मानकात डाइंग गॅस्प घातला गेला. फायबरच्या जीपॉन मानकातही तो आहे. भारतनेटने हेच जीपॉन घेतले, आणि तसा हा निरोप ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत पोचला.

त्यालाही एक मर्यादा आहे. संध्याकाळी कार्यालय बंद करताना शिपायाने पेटीचे बटण बंद केले, तरी जाणारा निरोप तोच असतो. वीज गेली की घालवली, हे लिहायला त्यात जागा नाही. असे निरोप रोज यायला लागले की देखरेखीच्या पडद्यावर कुणीतरी सहानंतरचे अलार्म दाबून टाकण्याचा नियम लावतो, आणि रात्री खरोखर जळालेला वीजपुरवठाही सकाळी अकरापर्यंत त्याच नियमाखाली झाकला जातो.