वापरलेले पिस्टन आणि संपीडन गुणोत्तर

संपीडन गुणोत्तर म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनात पिस्टन (दट्ट्या) सर्वांत खाली असतानाचे सिलिंडरातील एकूण घनफळ आणि तो सर्वांत वर असताना उरणारे घनफळ यांचे गुणोत्तर होय. गॅरेजच्या बोलीत यालाही ‘कॉम्प्रेशन’च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. दाबमापक लावून तपासले जाते ते कॉम्प्रेशन म्हणजे प्रत्यक्ष दाब. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह गळू लागले की तो घटतो. गुणोत्तर मात्र केवळ भागांच्या मापांवर ठरते. म्हणूनच मूळ उत्पादकाखेरीज इतरांनी बनवलेले, त्यातही वापरलेले पिस्टन बसवताना ते नव्याने काढावे लागते.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारी तयार होत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी अनेक दशके धावली. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. मीरा-भाईंदरपासून कुलाब्यापर्यंत ज्यांनी ही गाडी हौसेने राखली आहे, त्यांना सुट्या भागांसाठी बहुधा जुन्या मालाच्या बाजारांचा आधार घ्यावा लागतो. कुर्ल्याचा सीएसटी रस्ता आणि चोरबाजार हे त्यांपैकी प्रसिद्ध. तेथे पिस्टनचा व्यास विचारला की लगेच सांगितला जातो, कारण तो बहुधा माथ्यावर कोरलेला असतो. गुणोत्तराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे माप मात्र कोरलेले नसते.

गणिताची रीत

गुणोत्तर = (धावेचे घनफळ + शेष घनफळ) ÷ शेष घनफळ.

पद्मिनीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा बोअर ६८ मिमी व स्ट्रोक ७५ मिमी. यावरून एका सिलिंडरचे धावेचे घनफळ २७२.४ सीसी आणि इंजिनाची क्षमता सुमारे १,०८९ सीसी येते. शेष घनफळात हेडमधील ज्वलनकक्ष, दाबल्या गेलेल्या हेड गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा माथा व ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग यांतील अंतर धरतात. माथा खोलगट असल्यास खळग्याचे घनफळ मिळवतात. फुगीर असल्यास फुगवट्याचे वजा करतात.

उदाहरणादाखल ज्वलनकक्ष ३७ सीसी, गॅस्केट १.२ मिमी जाड व त्याचे छिद्र ६९.५ मिमी व्यासाचे (४.५५ सीसी) आणि सपाट माथा ब्लॉकपेक्षा ०.४५ मिमी खाली (१.६३ सीसी) असे मानू. शेष घनफळ ४३.१८ सीसी आणि गुणोत्तर ७.३ येते.

आता ब्लॉक बोअर करून ६९ मिमीचा, म्हणजे एक मिमी ओव्हरसाइज पिस्टन बसवला, बाकी सारे तेच ठेवले, तर धावेचे घनफळ २८०.४ सीसी होते आणि गुणोत्तर जेमतेम ७.५ वर जाते. पण त्याच पिस्टनमध्ये गजन पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची एक मिमीने जास्त असेल, तर शेष घनफळ ३९.५ सीसीपर्यंत घटून गुणोत्तर ८.१ होते. शिवाय माथा ब्लॉकच्या ०.५५ मिमी वर येतो. ज्वलनकक्षाबाहेरील हेडच्या सपाट भागाशी केवळ ०.६५ मिमी अंतर उरते. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि वेगात कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जातो, हे ध्यानात घेता हे अंतर धोक्याचे आहे. याउलट उंची मूळचीच आणि माथ्यावर ५ सीसीचा खळगा असेल, तर गुणोत्तर ६.८ पर्यंत उतरते. व्यास तिन्ही पिस्टनांचा एकच.

मोजमाप

माथ्यावरील काजळी आधी काढावी. ती घनफळाचे माप बिघडवते आणि कोरलेली चिन्हेही झाकते. पिनच्या छिद्राच्या वरच्या कडेपासून माथ्यापर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजून त्यात छिद्राचा अर्धा व्यास मिळवला की ही उंची मिळते. हे माप दुकानातच घेता येते आणि तेथेच घ्यावे.

वेड्यावाकड्या माथ्याचे घनफळ सूत्राने निघत नाही. त्यासाठी पिस्टन सिलिंडरात घालून माथ्याची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापासून नेमकी १० मिमी खाली आणतात, फट ग्रीसने बुजवतात, वर छिद्र असलेली ॲक्रिलिकची चकती ठेवतात आणि ब्युरेटने रॉकेल सोडतात. ६९ मिमी बोअरमध्ये सपाट माथ्यावर ३७.४ सीसी द्रव मावला पाहिजे, ३३.४ सीसीच मावला तर फुगवटा ४ सीसीचा आहे. हेडचा ज्वलनकक्षही असाच मोजतात. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने इंजिन तापून ते वाकलेले व नंतर घासून सपाट केलेले असू शकते. अशा हेडचा कक्ष मूळ मापापेक्षा लहान झालेला असतो. पुस्तकातील आकडा येथे कामाचा नाही.

स्कर्टची झीज गुणोत्तर बदलत नाही. ती सिलिंडरातील फट वाढवते. पण रिंगांच्या खाचा रुंदावल्या असतील, तर हिशेब जुळूनही पिस्टन टाकाऊच.

परिणाम

आदर्श ऑटो चक्रात गुणोत्तर ७.३ वरून ८.१ वर गेल्यास औष्णिक कार्यक्षमता ५४.८ टक्क्यांवरून ५६.७ टक्के होते. प्रत्यक्षातील लाभ याहून कमी. त्याबरोबर नॉकिंगची शक्यता वाढते, म्हणून ठिणगीची वेळ पुन्हा जुळवावी लागते. भारत स्टेज ६ मानकानुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ असल्याने ८.१ हे गुणोत्तर इंधनाच्या दृष्टीने सहसा अवघड नाही. अडचण आधी अंतराची येते. चार सिलिंडरांत चार वेगळ्या उंचींचे पिस्टन बसले, तर चारही गुणोत्तरे वेगळी होतात आणि इंजिन असमान चालते. जुन्या ढिगातून एक-एक करून जमवलेल्या संचात ही शक्यता सर्वाधिक असते.