मोटार-प्रतिकृतिनिर्मिती

खऱ्या मोटारगाडीची सर्व मापे एकाच ठराविक प्रमाणात कमी करून तिची लहान प्रतिकृती सुट्या भागांतून जुळविणे व रंगविणे ह्या छंदास मोटार-प्रतिकृतिनिर्मिती असे म्हणतात. खेळण्यातील मोटार आणि प्रतिकृती ह्यांत मूलभूत फरक आहे. खेळण्यात मोटारीचा सर्वसाधारण आकार साधला, की पुरते. प्रतिकृतीत मात्र छपराचा उतार, चाकांमधील अंतर, दिव्यांची ठेवण व रंगाची छटा ही सर्व मूळ गाडीशी ताडून पाहिली जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा छंद मोटार उद्योगाच्या आश्रयाने वाढला, पुढे त्या उद्योगापासून अलग झाला आणि अखेरीस त्याच उद्योगाने टाकून दिलेल्या आकारांची स्मृती जपण्याचे कार्य त्याच्याकडे आले. ह्या स्थित्यंतरामुळे औद्योगिक संस्कृतीच्या इतिहासात त्याला स्थान आहे.

प्रमाणे : प्रतिकृतीचे प्रमाण गुणोत्तराने दर्शवितात. १:२५ प्रमाणात ५ मी. लांबीची मोटार २० सेंमी. होते. अमेरिकन संचांत हे प्रमाण रूढ झाले. १:२४ हे प्रमाण एका फुटास अर्धा इंच ह्या मापावरून आले असून जपानी व यूरोपीय संचांत ते विशेष आढळते. १:४३ हे प्रमाण ब्रिटिश खेळण्यातील आगगाड्यांच्या एका फुटास ७ मिमी. ह्या मापातून निघाले. आगगाडीच्या मांडणीत शोभतील अशा मोटारी बनविताना ते स्वीकारले गेले व पुढे स्वतंत्रपणे टिकले. ह्यांखेरीज १:१२ व १:८ ही मोठी प्रमाणेही आहेत. त्यांत इंजिनाच्या नळ्या, तारा व सुकाणूची यंत्रणा दाखविता येते.

पूर्वपीठिका : संघटित स्वरूपात ह्या कौशल्यास उत्तेजन देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९३० मध्ये झाला. जनरल मोटर्स ह्या कंपनीच्या फिशर बॉडी विभागाने त्या वर्षी ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही किशोरवयीन मुलांसाठी संस्था स्थापन केली. आरंभीच्या स्पर्धांत नेपोलियनकालीन राजशकटाची प्रतिकृती बनवावी लागे. हा शकट फिशर बॉडीच्या बोधचिन्हावरही होता. स्पर्धकांना आराखडे पुरविले जात. पण लाकूड कोरणे, धातूचे भाग घडविणे, गादीचे कापड शिवणे व रंगकाम करणे ही सर्व कामे त्यांना स्वतः करावी लागत. विजेत्यांना विद्यापीठीय शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत. महामंदीच्या काळात अनेक कुटुंबांच्या दृष्टीने ह्या पारितोषिकाचे मोल फार मोठे होते.

१९३७ पासून स्वतः कल्पिलेल्या मोटारीची प्रतिकृती बनविण्याची स्पर्धा सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शकटाची स्पर्धा मागे पडून तीच मुख्य ठरली. येथे नक्कल करण्याऐवजी नव्या आकाराची निर्मिती अपेक्षित होती. १९४७ च्या स्पर्धेत यशस्वी झालेले चक जॉर्डन हे पुढे जनरल मोटर्समध्ये रुजू झाले व १९८६ ते १९९२ ह्या काळात तेथील अभिकल्प विभागाचे उपाध्यक्ष होते. गिल्डमधून आलेले अनेक तरुण अमेरिकन मोटार उद्योगात अभिकल्पक झाले. कंपनीचा हेतू निव्वळ परोपकाराचा नव्हता. घराघरांत आपले नाव पोहोचविणे व हाताने कुशल मुले हेरणे, हे दोन्ही लाभ तिला मिळत होते. स्पर्धा केवळ मुलांपुरती होती. मुलींना तीत प्रवेश नव्हता. १९६८ मध्ये गिल्ड बंद झाले.

प्रचार-प्रतिकृती : दुसरा प्रवाह विक्रीकलेतून आला. १९४८ मध्ये मिशिगन राज्यात वेस्ट गॅलॉग्ली ह्यांनी ‘ॲल्युमिनम मॉडेल टॉइज’ ही कंपनी काढली. ए. एम. टी. ह्या आद्याक्षरांनी ती पुढे ओळखली गेली. तिची पहिली प्रतिकृती फोर्ड मोटारीची असून ती ॲल्युमिनियमची ओतीव होती. लवकरच धातूऐवजी प्लॅस्टिकचा वापर सुरू झाला. जो-हॅन व प्रॉडक्ट मिनिएचर ह्या कंपन्याही अशाच प्रतिकृती बनवीत. मोटारींचे विक्रेते त्या गिऱ्हाइकांना वा त्यांच्या मुलांना देत. त्या खऱ्या गाडीला उपलब्ध असलेल्या रंगांत रंगविलेल्या असत. त्यामुळे रंगाचा नमुना म्हणूनही त्यांचा उपयोग होई. नव्या गाडीचे आराखडे मोटार कंपन्यांकडूनच उपलब्ध होत असल्याने ह्या प्रतिकृतींत आकाराची अचूकता आली. प्रारंभीच्या प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. हे प्लॅस्टिक काळानुसार आकसते व वाकडे होते. त्यामुळे त्या काळातील फारच थोड्या प्रतिकृती आज सरळ अवस्थेत आढळतात. १९६० नंतर पॉलिस्टायरिनचा वापर सार्वत्रिक झाल्यावर हा दोष दूर झाला.

संचांचा उदय : जुळणीच्या प्लॅस्टिक संचांना अमेरिकेत १९५० च्या दशकारंभी लोकप्रियता लाभली. कॅलिफोर्नियातील ल्यूइस ग्लेझर ह्यांच्या रेव्हेल कंपनीने ‘हायवे पायोनिअर्स’ ह्या मालिकेत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारींचे १:३२ प्रमाणातील संच विक्रीस आणले. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने पोलादी साच्यात भरून एका चौकटीला जोडलेले अनेक भाग एकाच वेळी तयार करता येऊ लागले. त्यामुळे लाकूड कोरण्यास लागणारे दीर्घ श्रम वाचले व किंमत शाळकरी मुलांच्या आवाक्यात आली.

१९५८ मध्ये ए. एम. टी. ने चालू वर्षाच्या गाड्यांचे संच बाजारात आणले. प्रचार-प्रतिकृतींसाठी केलेले साचेच त्यांसाठी वापरलेले होते. सुरुवातीच्या अनेक संचांत इंजिन नव्हते. तथापि एकाच पेटीतील भागांतून मूळ, सुशोभित वा शर्यतीची अशा तीनपैकी कोणत्याही प्रकारची गाडी करता येत असे. १९५९ मधील १९३२ च्या फोर्ड गाडीच्या संचात इंजिनाचाही समावेश होता. १९४५ मध्ये शिकागो येथे स्थापन झालेली मोनोग्राम आणि १९६३ मधील एम. पी. सी. ह्या कंपन्या स्पर्धेत उतरल्याने संचांची विविधता वाढली.

ह्याच सुमारास कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांचे छप्पर खाली घेणे, सांगाडा बुटका करणे व त्यांवर झगझगीत रंग चढविणे ह्यांचे वेड पसरले होते. जॉर्ज बॅरिस व एड रॉथ ह्या गाडी-सजावटकारांच्या कृतींचे संच निघाले. ज्या मुलांना खरी गाडी विकत घेणे शक्य नव्हते, त्यांनी तेच प्रयोग मेजावर केले. क्वचित हा प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. मोनोग्रामसाठी टॉम डॅनियल ह्यांनी कल्पिलेल्या ‘रेड बॅरन’ ह्या मोटारीचा संच १९६८ मध्ये प्रथम विकला गेला आणि त्यावरून चक मिलर ह्यांनी पूर्ण आकाराची खरी गाडी नंतर बांधली.

छंदाच्या प्रसाराबरोबर एक गंभीर प्रश्नही उद्भवला. प्लॅस्टिक जोडण्याच्या डिंकात टोल्यूइन हे विद्रावक असे. नशेसाठी त्याची वाफ हुंगण्याचे प्रकार १९५९ पासून अमेरिकन वृत्तपत्रांत गाजू लागले व अनेक शहरांनी अल्पवयीनांना डिंक विकण्यावर निर्बंध घातले. टेस्टर ह्या उत्पादकाने १९६९ मध्ये डिंकात मोहरीच्या तेलातील झोंबणारा घटक मिसळला. निर्दोष समजल्या जाणाऱ्या छंदावर त्यामुळे काही काळ संशयाची छाया पडली.

साच्यांचे भवितव्य : पोलादी साचा घडविणे अतिशय खर्चाचे असते. अमेरिकन गाड्यांचे रूप दरवर्षी बदले. त्यामुळे नव्या वर्षाच्या प्रतिकृतीसाठी पुष्कळदा आदल्या वर्षाचाच साचा कोरून वा भरून बदलण्यात येई. एकदा हा बदल झाला, की आधीची प्रतिकृती पुन्हा काढणे अशक्य होई. काही साचे शर्यतीच्या गाड्यांसाठी बदलताना चाकांवरील कमानी रुंद केल्या गेल्या. व्यापाराच्या दृष्टीने हा व्यवहार काटकसरीचा होता. परंतु त्यामुळे कित्येक गाड्यांच्या अचूक लघुरूपांचा उगमच नष्ट झाला. न जोडलेल्या जुन्या संचांना पुढे संग्राहकांकडून जी मोठी किंमत मिळू लागली, तिचे एक प्रमुख कारण हेच होय. अशा संचाच्या मालकापुढे एक अडचण उभी राहते. संच जोडल्यास त्याचे संग्रहमूल्य घटते आणि न जोडल्यास ज्यासाठी तो निर्माण झाला, तो हेतू सफल होत नाही.

जपान व यूरोप : जपानमधील शिझुओका परिसरात लाकूडकामाचा व्यवसाय जुना आहे. तेथे योशिओ तामिया ह्यांनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याचा कारखाना काढला. लाकडी प्रतिकृतींकडून ही कंपनी १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली. १९६७ मध्ये तिने होंडाच्या आर. ए. २७३ ह्या शर्यती मोटारीचा १:१२ प्रमाणातील संच प्रसिद्ध केला. इंजिन, नळ्या व आधारपट्ट्या ह्यांच्या तपशिलामुळे तो मार्गदर्शक ठरला. योशिओ ह्यांचे पुत्र शुन्साकू तामिया ह्यांच्या कारकीर्दीत पोर्शे गाडीची प्रतिकृती करण्यासाठी कंपनीने खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून अभ्यासिली. अमेरिकेत मोटार कंपन्यांचे आराखडे सहज हाती येत. जपानी कारखानदारांनी मात्र स्वतः मापे घेऊन अचूकता साधली. हासेगावा, फुजिमी व आओशिमा ह्या कंपन्याही शिझुओका प्रांतातीलच होत. यूरोपात ब्रिटनची एअरफिक्स, १९५६ मध्ये ब्यूंडे येथे स्थापन झालेली रेव्हेलची जर्मन शाखा आणि १:८ प्रमाणातील भव्य संचांबद्दल प्रसिद्ध असलेली इटलीची पोशेर ह्या कंपन्यांनी ही परंपरा वाढविली. १९७० च्या दशकापासून मऊ मिश्रधातू व रेझीन ह्यांचे अल्पसंख्य संच लहान कार्यशाळांतून तयार होऊ लागले. मोठ्या कारखान्यांना न परवडणाऱ्या दुर्मीळ गाड्या त्यामुळे उपलब्ध झाल्या.

रंगकाम : प्रतिकृतीचा खरेपणा तिच्या रंगावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. खऱ्या मोटारीवरील रंगाच्या सर्व थरांची जाडी सुमारे ०·१ मिमी. असते. १:२५ प्रमाणात ती ०·००४ मिमी. व्हावयास हवी, पण इतका पातळ थर हाताने देता येत नाही. जाड रंगाने दरवाज्यांच्या फटी बुजतात व बोधचिन्हांच्या कडा बोथट होतात. म्हणून कुंचल्याऐवजी एअरब्रशने अनेक विरळ थर देणे श्रेयस्कर ठरते.

प्रथम साच्याच्या सांध्यांच्या रेषा घासून काढतात व खड्डे लुकणाने भरतात. सौम्य साबणाच्या पाण्याने भाग धुतल्यावर अस्तराचा रंग देतात. लॅकरमधील तीव्र विद्रावक पॉलिस्टायरिनचा पृष्ठभाग खातात व त्यावर बारीक तडे पडतात. त्यांपासून अस्तरामुळे संरक्षण मिळते. मुख्य रंग वाळल्यानंतर पारदर्शक लेप देऊन तो पाण्यात भिजविलेल्या अतिसूक्ष्म काचकागदाने घासतात व शेवटी चकाकी आणतात. चंदेरी झाक असलेल्या रंगांतील धातूचे कण खऱ्या गाडीइतके मोठे असल्यास प्रतिकृतीवर ते खड्यांसारखे दिसतात. म्हणून अधिक बारीक कणांचा रंग निवडावा लागतो. खिडक्यांभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांसाठी चिकट पाठीचा अतिशय पातळ धातुपत्रा लावून नको तो भाग धारदार पात्याने कापून काढतात. शर्यतीच्या गाड्यांवरील क्रमांक व नावे पाण्याने सुटणाऱ्या छापील चित्रांनी उमटवितात.

उत्तरकाल : १९६० च्या दशकाच्या मध्यास विजेवर धावणाऱ्या खाचमार्गावरील मोटारींनी मुलांचे लक्ष वेधले आणि संचांची लोकप्रियता ओसरू लागली. १९७३ च्या तेलसंकटाने प्लॅस्टिक महाग केले. कंपन्यांचे एकत्रीकरणही झाले. ए. एम. टी. १९७८ मध्ये ब्रिटनच्या लेझ्नीकडे व नंतर अर्टलकडे गेली. रेव्हेल व मोनोग्राम १९८६ मध्ये एक झाल्या. २०१८ मध्ये रेव्हेलची अमेरिकन मालक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर हा व्यवसाय जर्मन भांडवलाखाली आला. मोटार कंपन्यांशी असलेले नातेही बदलले. एके काळी प्रसिद्धीसाठी आराखडे देणाऱ्या कंपन्या आपल्या नावाच्या व आकाराच्या वापराबद्दल शुल्क घेऊ लागल्या.

मुलांचा हा छंद हळूहळू प्रौढांचा झाला. १९७९ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे सुरू झालेल्या जी. एस. एल. ह्या स्पर्धेने कारागिरीचे निकष उंचावले. संगणकावरील आराखडे व त्रिमितीय मुद्रण ह्यांमुळे पूर्वी कोरून काढावे लागणारे भाग आता घरी छापता येतात. जुने साचे दुरुस्त करून व गहाळ भाग नव्याने घडवून अनेक संच पुन्हा काढण्यात आले आहेत.

गिल्डच्या काळातील कित्येक प्रतिकृती आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहेत. सर्वसामान्य कुटुंबांनी वापरलेल्या असंख्य मोटारी भंगारात गेल्या. संग्रहालयांनी प्रायः श्रीमंतांच्या व विजेत्यांच्या गाड्या जपल्या. साध्या गाड्यांचे रूप, त्यांचे रंग व लोकांनी त्यांत केलेले फेरफार ह्यांची मूर्त नोंद मोठ्या अंशी ह्या लहान प्रतिकृतींत शिल्लक राहिली आहे. विक्रीचे साधन म्हणून जन्मलेल्या वस्तूला हे मूल्य प्राप्त झाले, ते ती निगुतीने जोडणाऱ्या व रंगविणाऱ्या हौशी हातांमुळे होय.